चारुलेखाचा हात

"हात सैल सोड. तो तुझा नाहीच, असं समज," जाहिरातीचा दिग्दर्शक बेहराम म्हणाला.

मी सोफ्याच्या मागे गुडघ्यांवर बसले होते. सोफ्याची पाठ एका बाजूने कापलेली होती आणि त्या भोकातून माझा डावा हात पुढे गेला होता. पुढे सोफ्यावर चारुलेखा बसली होती. तिच्या खांद्यावरून पश्मिन्याची शाल सोडलेली, त्या शालीखालून माझा हात बाहेर आलेला, आणि मनगटावर ते घड्याळ. कॅमेऱ्यातून बघणाऱ्याला वाटावं, बाईने आपलाच हात सहज मांडीवर ठेवलाय.

पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट. परदेशी घड्याळ कंपन्या तेव्हा नव्यानेच आपल्याकडे येत होत्या. हे घड्याळ स्वित्झर्लंडहून आलेलं. सोन्याची बारीक चौकट, शिंपल्याच्या आतल्या अंगासारखी चमकणारी तबकडी. त्याच्याबरोबर कंपनीचा एक माणूस आला होता. पांढरे हातमोजे घालून तोच ते माझ्या मनगटावर बांधायचा आणि तोच सोडायचा. काटे दहा वाजून दहा मिनिटांवर आणून त्याने चावी ओढून ठेवली होती, म्हणजे दिवसभर जाहिरातीत तीच वेळ दिसावी. एवढं महागाचं घड्याळ, आणि ते बंद होतं.

चारुलेखा कोण हे तेव्हा कोणाला सांगावं लागत नसे. तिच्या एका सिनेमात ती गाडीत बसून कोणाची तरी वाट बघते आणि मनगट आत वळवून घड्याळात बघते. एवढंच दृश्य. पण त्यानंतर कॉलेजच्या मुलींनी घड्याळं मनगटाच्या आतल्या बाजूला वळवून घालायला सुरुवात केली. गिरगावात आमच्या मामांचं बांगड्यांचं दुकान होतं. तिथे मुली यायच्या, बांगड्या भरायला हात पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "घड्याळ सांभाळून हं. चारुलेखासारखं घातलंय."

अशा बाईला जाहिरातीसाठी माझा हात का लागावा, तर मला सांगितलं होतं की एका शूटिंगमध्ये तिच्या डाव्या हाताला चटका बसलाय, डाग पडलाय. ही गोष्ट कुठे बोलायची नाही, अशी कंपनीची सक्त ताकीद होती. मी कोणाला सांगणार होते? मामा-मामींना वाटत होतं, मी दादरला मालाच्या चौकशीला गेलेय.

आता जाहिरातीत हात माझा, तर चारुलेखाचा हात कुठे जाणार? तो तिने पाठीमागे घेतला होता आणि त्याच भोकातून तो माझ्या बाजूला आला होता. सोफ्यामागे अंधार होता. माझ्या गालापासून वीतभर अंतरावर तो लाकडी पट्टीवर टेकलेला मला दिसत होता. त्याच्यावर कसलाही डाग नव्हता. गोरा, निमुळता हात. पण तो थरथरत होता. शिलाईचं मशीन चालू असलं की टेबलाची फळी जशी थरथरते, तसा. आपण थांबवू म्हटलं तरी न थांबणारा.

मला कळलं, आपल्याला खोटं सांगितलंय. आणि जे लपवलंय, ते आपल्यालाच दिसतंय.

"दिवे बदलायचेत. कोणी हलू नका," बेहरामने हुकूम सोडला. कामगार शिड्या सरकवायला लागले.

"तू मराठी का ग?" आवाज पुढून आला. ओठ फारसे न हलवता ती बोलत होती.

"हो, ताई."

"मघाशी 'अगं बाई' म्हणालीस ते ऐकलं. नाव काय?"

"हेमलता. आम्ही इस्लामपूरचे कासार."

"कासार!" ती हसली असावी, शाल हलली. "म्हणजे बांगड्यावाले. आमच्या संगमनेरला एक कासारीण यायची दारावर. आई आम्हा दोघी बहिणींना शेजारी बसवायची. मी रडून आकांत करायची, मग अक्का माझं तोंड दाबून धरायची." थोडं थांबून तिने विचारलं, "मग तुझा हात असा मोकळा कसा? घड्याळासाठी उतरवल्यास बांगड्या?"

"नाही, ताई. मालक गेले आमचे. तेव्हापासून मोकळाच आहे."

मीच बोलत राहिले. समोरच्याचा चेहरा दिसत नसला की माणूस बोलून जातं. मी सांगितलं, की मी माहेरच्या धंद्यात वाढलेली, पण मालक गेल्यावर गिऱ्हाईक बायका माझ्याकडून बांगड्या भरून घेईनात. तोंडावर कोणी बोलत नसे. हात पुढे केलेला असायचा, तो मी जवळ गेले की हळूच पदराखाली जायचा. शेवटी मामी म्हणाली, तू आपली आत बस, डबे भरत जा. मग मी आत बसले. एकदा असाच आतून डबा पुढे देताना दागिन्यांचे फोटो काढणाऱ्या एका बाईने माझा हात पाहिला. बांगडीचा वळ नसलेला, असा हात तिला हवाच होता. घरात ज्याच्याकडे कोणी बघत नव्हतं, त्या मनगटाचे ती फोटो काढायला लागली. तिनेच मला इथे पाठवलं होतं.

"किती वर्षं झाली, कोणाचा हात हातात घेऊन?" पुढून प्रश्न आला.

"मोजलं नाही, ताई," मी म्हटलं.

लाकडी पट्टीवरचा हात अंधारात चाचपडला. आधी माझ्या दंडाला लागला, मग कोपराला, मग माझ्या उजव्या हाताची बोटं त्याने शोधून काढली. मी तो हात धरला. लहानपणापासून हात धरायचीच सवय. जोर न लावता, पण सुटणार नाही असा. त्याची थरथर माझ्या तळव्यात उतरली आणि हळूहळू कमी झाली. थांबली नाही, पण कमी झाली.

"अस्संच! आता चेहरा आला!" तिकडून बेहराम ओरडला. "टेक!"

दुपारच्या सुट्टीत हातमोजेवाल्याने घड्याळ काढून पेटीत ठेवलं. घड्याळासाठी एक गादीची खुर्ची होती आणि तिच्याशेजारी पहारेकरी. मी जिन्याच्या पायरीवर डबा उघडून बसले होते, तेवढ्यात चारुलेखाची आया आली. "बाईसाहेबांनी बोलावलंय."

ती मेकअपच्या खोलीत एकटीच होती. जवळून पाहिली तर पडद्यावरच्यापेक्षा लहान चणीची वाटली. हात तिने मांडीत दाबून धरले होते.

"दार लोटून घे," ती म्हणाली. "एक नंबर लावून देशील? माझी बोटं धड पडत नाहीत. एकाऐवजी दोन आकडे दाबले जातात. बाकी फोन सेक्रेटरी लावून देतो, पण हा त्याला सांगायचा नाही. संगमनेरचा आहे."

तिने एकेक आकडा तोंडपाठ सांगितला. मी लावला. घंटा वाजायला लागल्यावर रिसीव्हर तिच्या हातात दिला, तो तिने दोन्ही हातांनी कानाशी धरला. फोनचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं. मी जायला निघाले, तर तिने मानेनेच 'थांब' म्हटलं.

"हॅलो, कोण पाहिजे?" पलीकडे बाईचा खणखणीत आवाज.

"अक्का... मी. चिंगी बोलतेय."

पलीकडे शांतता. मला वाटलं, फोन तुटला.

"अक्का, ऐकतेयस ना? मला जरा बरं नाहीये ग. मी—"

"मेल्यांनो, काही कामधंदे नाहीत का तुम्हाला?" पलीकडची बाई कडाडली. "मासिकात तिचं घरचं नाव छापून आलं तेव्हापासून रोज कोणीतरी चिंगी होऊन फोन करतंय! आमची चिंगी असती, तर दारात आली असती. फोन नसता केला तिने!"

फोन आदळल्याचा आवाज आला.

चारुलेखा तशीच बसली, रिसीव्हर कानाला लावून. मग मीच तो तिच्या हातातून सोडवून जागेवर ठेवला. ती आरशात बघून हसली.

"गल्लीबोळातल्या पोरी माझी नक्कल करतात म्हणे. मलाच जमली नाही बघ."

"परत लावू, ताई?"

"नको." तिने मान हलवली. "एकदा ऐकलं. दुसऱ्यांदा तेच ऐकायची ताकद नाही. घर सोडून आले तेव्हा वडील म्हणाले होते, परत यायचं नाही. मी खरंच गेले नाही. आई गेली तेव्हा विमान पकडून निघाले होते, तर विमानतळावरच एवढी गर्दी झाली, की मागे फिरले. अक्का काय म्हणणार? बरोबरच आहे तिचं." मग आवाज उतरवून म्हणाली, "हे हाताचं आहे ना, ते पायांत उतरणार आहे. डॉक्टरांनी सांगितलंय. सिनेमावाल्यांना कळलं तर उद्यापासून कोणी दारात उभं करणार नाही. तू सांगणार नाहीस ना कुठे?"

"कोणाला सांगू? माझं तरी कोण ऐकतंय?"

ते ऐकून ती माझ्याकडे नीट वळून बघायला लागली. काही बोलणार होती, पण दारावर टकटक झाली. शॉट तयार होता.

दुपारचा शॉट म्हणजे जाहिरातीचा गाभा होता. बाई खिडकीशी बसलीय, कोणाची तरी वाट बघतेय, मनगट आत वळवून घड्याळात बघते आणि हसते. मनगट मी वळवायचं, हसायचं तिने. सकाळी तिच्या हसण्यावर बेहराम खूश नव्हता. दुपारी तिचा हात सोफ्यामागे आला तो सरळ माझ्या हातात. मी मनगट वळवलं. ती कशी हसली ते मला दिसलं नाही, मी मागे होते. माझी बोटं मात्र तिने इतकी घट्ट आवळली, की मी ओठ चावला. बेहराम बराच वेळ 'कट' म्हणायचं विसरला.

संध्याकाळी घड्याळ पेटीत गेलं आणि चारुलेखा गाडीत. जाताना तिच्याभोवती माणसांचं कडं होतं. त्या कड्यातून "येते ग" एवढं ऐकू आलं. ते मला होतं की आयाला, कोण जाणे.

दसऱ्याच्या सुमाराला जाहिरात आली. टीव्हीवर, मासिकांत, चौकाचौकांत. खाली ओळ होती: 'कुणाची तरी वाट बघणंही सुंदर असतं.' ते हसू बघून लोक वेडे झाले. ती कोणाची वाट बघतेय यावर पैजा लागल्या. कोणी एका नटाचं नाव घेई, कोणी एका उद्योगपतीचं. फुटपाथवर त्या घड्याळाची नक्कल विकायला आली आणि आमच्या दुकानात मुली 'चारुलेखाच्या घड्याळावर शोभेल अशी बांगडी' मागायला लागल्या. मामीने मासिकातलं पान कापून दुकानात काचेवर चिकटवलं.

"काय हात आहेत बाई," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. "खानदानी माणूस हातावरून कळतं."

मी आत बसून डबे भरत ऐकायची. त्या पानाखालून रोज माझं येणं-जाणं होतं. कोणाचीही नजर पानावरून माझ्या हाताकडे आली नाही. वाईट एका गोष्टीचं वाटायचं. एवढा देश विचारत होता, ती कोणाची वाट बघतेय, आणि उत्तर ठाऊक असलेलं माणूस बांगड्यांच्या दुकानात मागच्या खोलीत बसलं होतं.

पुढच्या वर्षी बातमी आलीच. कोणत्या तरी समारंभात दिवा लावताना तिच्या हातातली मेणबत्ती पडली, फोटो छापले गेले. मग सिनेमे सुटले, कंपनीने दुसरी नटी घेतली. काचेवरचं पान मामीने खरवडून काढलं. चारुलेखा खंडाळ्याच्या बंगल्यात राहते, कोणाला भेटत नाही, एवढंच छापून आलं, आणि तेही शेवटचं.

मी मामांना सांगितलं, इस्लामपूरला जाऊन येते. आणि संगमनेरच्या एस.टी.त बसले.

घर शोधावं लागलं नाही. स्टँडवरच्या पहिल्याच रिक्षावाल्याने विचारलं, "चारुलेखाचं घर ना? तिची बहीण कोणाशी बोलत नाही हां."

अक्का बालवाडीत शिकवून निवृत्त झालेल्या. उंच, सडसडीत, एकट्या. मी दारातच सांगितलं, की मी मासिकातर्फे आले नाही, काही मागायला आले नाही. "एक फोन आला होता तुम्हाला," मी म्हटलं. "मागच्या वर्षी, दुपारचा. 'मला बरं नाही' म्हणून. तो टवाळीचा नव्हता, अक्का. तो मी लावून दिला होता. त्यांची बोटं चालत नव्हती म्हणून. मी शेजारी उभी होते. त्या खरंच तुमच्या बहीण होत्या."

अक्का दाराला धरून उभ्या होत्या. त्यांनी मला आत घेतलं, बसायला चटई टाकली, पाणी दिलं आणि समोर बसल्या.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही.

"अग, पोटाशी धरून वाढवलंय तिला. माझ्या चिंगीचा आवाज मला कळणार नाही? 'अक्का' म्हणाली तेव्हाच कळलं. तोंडून शब्द फुटेना माझ्या." त्यांनी स्वच्छ असलेली जमीन उगाचच पदराने पुसली. "आणि फुटला तो भलताच फुटला. इतक्या वर्षांचा राग होता. आई गेली तेव्हा फुलांचा एवढा मोठा हार आला, चार माणसांनी धरलेला. ती नाही आली. म्हटलं, आता फोनवर चिंगी होतेयस? होऊ दे जरा पाणी पाणी."

"मग?"

"मग काय! फोनपाशी बसले. म्हटलं, परत लावील. ती टवाळ पोरं ग, एकदा शिवी घातली की दहादा लावतात. ही तर माझी बहीण. लावीलच." त्यांचा आवाज पहिल्यांदा कापला. "नाहीच लावला तिने. मी बाजारात जायची बंद झाले. शेजारणीकडून भाजी आणवत होते. घंटा वाजली की धावत जायची, तर दुसरंच कोणी. मला कुठे तिचा नंबर माहीत? मासिकवाल्यांना विचारू माझ्या बहिणीचा नंबर?"

मला रडू फुटलं. मी माझ्या घरच्यांसाठीही कधी असं रडले नव्हते. अक्का नुसत्या बघत राहिल्या. मग उठल्या आणि कपाटातून पिशवी काढली.

"तू जेवून घे. सकाळच्या गाडीने निघू. खंडाळा तुला ठाऊक आहे?"

"नाही. पण विचारत जाऊ."

बंगला घाटाच्या बाजूला, झाडीत होता. उंच फाटक, आत वॉचमन.

"बाईसाहेब कोणाला भेटत नाहीत."

"मी तिची अक्का," अक्का म्हणाल्या.

"आजी, रोज कोणीतरी बहीण येते, कोणीतरी मावशी येते. मला वर सांगायची परवानगी नाही."

मी त्याला समजावायला लागले, की आम्ही लांबून आलोय, आत निरोप तरी दे. तो ऐकेना. मी कोण, हेही त्याला सांगता येईना. तेवढ्यात अक्कांनी पिशवी जमिनीवर ठेवली, फाटकाचे गज दोन्ही हातांनी धरले आणि बालवाडीतलं पोर अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेल्यावर हाक मारावी तशी हाक मारली.

"चिंगे! अग ए चिंगे! एकदा फोन ठेवला म्हणून एवढं रागवायचं असतं का ग?"

वरच्या मजल्यावर खिडकी उघडली. तिथे कोणी उभं राहिलेलं दिसलं आणि लगेच दिसेनासं झालं. मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं, झालं, आता परत फिरायचं. पण पुढचं दार उघडलं. चारुलेखा पायऱ्या उतरत होती. कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत. केस मोकळे, पायात काही नाही. वॉचमन धावला, तर तिने त्याला हातानेच लांब सारलं.

फाटक उघडलं. अक्कांनी तिचे दोन्ही थरथरते हात आपल्या हातांत घेतले आणि बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "किती बारीक झालीस. जेवलीस का?" आणि चारुलेखा लहान मुलीसारखी मान हलवून 'नाही' म्हणाली.

तिची नजर एकदा माझ्यावरून गेली. ओळखलं असेल, नसेलही. तिला तेव्हा एकच माणूस दिसत होतं. अक्का तिला धरून पायऱ्यांकडे घेऊन गेल्या. दोघी इतक्या हळू चालत होत्या, की मला वाटलं, एवढ्यात कोणीतरी मागे वळून बघेल. दार लागलं.

अक्कांची पिशवी जमिनीवरच राहिली होती. मी ती उचलून वॉचमनच्या हातात दिली. आता तो माझ्याशी नरमाईने बोलायला लागला.

"तुम्ही नाही जात आत? तुम्ही त्यांच्या कोण?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "मुंबईच्या गाड्या कुठल्या बाजूने मिळतील?"